मोठ्या शहरात नर्सची नोकरी आणि गाणं : कायमची नाइट घ्यावी का?

मंद्रसप्तक
नमस्कार मंडळी. इथे बरीच वर्षं वाचनमात्र आहे, धागा पहिल्यांदाच काढतेय. चूकभूल द्यावी घ्यावी.

मी नर्स आहे. चार वर्षं एका लहान हॉस्पिटलच्या मेडिकल वॉर्डात काढली. आता एका महानगरातल्या मोठ्या हॉस्पिटलच्या आयसीयूत निवड झालीय, पुढच्या महिन्यात रुजू व्हायचंय. घरी सगळ्यांना वाटतंय की पगार आणि अनुभवासाठी चाललेय. खरं कारण गाणं. ज्या बाईंकडे मला ख्याल शिकायचाय त्या तिथे राहतात, आणि दोनदा ऐकून घेतल्यावर "ये" म्हणाल्यात. मंगळवार आणि शुक्रवार, संध्याकाळी पाच.

अडचण अशी की रोस्टर दर आठवड्याला फिरतं : मॉर्निंग, इव्हिनिंग, नाइट. इव्हिनिंगच्या आठवड्यात दोन्ही शिकवण्या बुडणार. इन्चार्ज सिस्टरना फोनवर चाचपडत विचारलं, तर म्हणाल्या, "कायमची नाइट घेतेस का? कुणालाच नको असते, मी लगेच लावते. दिवस सगळा तुझा." तेव्हापासून डोक्यात तेच घोळतंय.

शिवाय राहायला हॉस्टेल, एका खोलीत तिघी, तिघींची ड्यूटी वेगवेगळी. म्हणजे कुणी ना कुणी कायम झोपलेलं. रियाज करायचा कुठे? आणि गाण्याचं वॉर्डात सांगावं की गप्प राहावं? दोन्ही सांभाळलेल्यांनी कृपया लिहा.

उगाचच
दिवस तुझा, रात्र हॉस्पिटलची. झोप कुणाच्या वाट्याला आली?

निशाचर
नावावरून कळलंच असेल. सहा वर्षं कायमची नाइट केली आणि बासरी वाजवतो. थोडं सविस्तर लिहितो, कारण मलाही कुणीतरी हेच "दिवस सगळा तुझा" सांगितलं होतं.

हँडओव्हर देऊन बाहेर पडेपर्यंत आठ-सव्वाआठ. खोलीवर पोचून आडवं व्हायला दहा. बाहेर लख्ख ऊन, आणि उजेड डोळ्यांत गेला की मेंदू मेलाटोनिनचा नळ बंद करतो. कसाबसा दोन-अडीचपर्यंत झोपायचो. चार वाजता बासरी हातात घेतली की पहिली वीस मिनिटं फुंकच लागायची नाही, ओठ जणू दुसऱ्याचे. साडेपाचला जरा रंग भरायला लागायचा, तोवर निघायची तयारी. असा तो "माझा दिवस" दीड तासाचा होता.

आणि खरी गोम ऑफच्या दिवसाची. तुम्हाला वाटतं ऑफला माणसासारखं रात्री झोपावं, मैफलीला जावं. तसं केलं की बसत आलेली घडी मोडते, पुढच्या नाइटला परत पहिल्यापासून. तिसऱ्या वर्षी लक्षात आलं की मी नवीन काहीच शिकत नाहीये, येतं तेच वाजवतोय. शिकलेलं झोपेत मुरतं म्हणतात ते खरंच आहे, माझं मुरतच नव्हतं.

माझं मत : नको. पण मी मुळात झोपेचा कच्चा माणूस. एक सहकारी होती, ती पडदे लावून सकाळी नऊ ते चार गाढ झोपायची. तिला नाइट मानवली.

वॉर्डबाई
तेहतीस वर्षं नोकरी करून निवृत्त झालेय, त्यातली अकरा इन्चार्ज म्हणून. टेबलाच्या पलीकडच्या बाजूने दोन गोष्टी सांगते.

बाळ, नाइट कायमची लावणं हा इन्चार्जचा फायदा असतो. तिचं रोस्टर एका फटक्यात सुटतं. ती वाईट बाई आहे असं नाही, मीही हेच केलं असतं. पण एकदा तुझं नाव नाइटच्या रकान्यात गेलं की तिथून निघायला वर्ष लागतं, कारण तुझ्या जागी येणार कोण?

दुसरं, फिरती ड्यूटी म्हणजे शत्रू नव्हे. फक्त ती कुठल्या दिशेने फिरते ते बघ. मॉर्निंगनंतर इव्हिनिंग, मग नाइट, अशी पुढे सरकली तर शरीर निभावून नेतं. आपलं आतलं घड्याळ चोवीस तासांपेक्षा किंचित लांब असतं, त्यामुळे उशिरा झोपणं जमतं, लवकर झोपणं जमत नाही. उलटी फिरवणारे वॉर्ड मी पाहिलेत, तिथल्या मुली महिन्याभरात कोमेजतात.

आणि इव्हिनिंगच्या आठवड्याचं म्हणशील तर अदलाबदल कशासाठी असते? एक छोटी वही कर. कुणाची कुठली ड्यूटी तू केलीस आणि कुणी तुझी केली, तारखेसकट. मागण्याआधी दे. पहिले दोन महिने सणावारी सगळ्यांच्या ड्यूट्या हसत घे, मग मंगळवार-शुक्रवार तुझ्यासाठी लोक आपणहून सोडतील. ज्या मुली फक्त मागायला येतात त्यांची नावं मला अजून पाठ आहेत.

नोंदणीचं कागदपत्रांचं काम मात्र जायच्या आधी उरक. नर्सिंग कौन्सिल बदलत असेल तर तिथली नोंदणी हातात आल्याशिवाय कुणी पेशंटला हात लावू देणार नाही.

कोमल_गंधार
वर सगळे झोपेवर बोलतायत, मी गाण्यावर बोलतो. आपल्याकडे रागाला प्रहर आहे, म्हणजे गायची ठरलेली वेळ. नाइट करून आलेली मुलगी दुपारी चारला उठून सकाळचा भैरव घोटणार का? ती तिची सकाळ असेल, रागाची नव्हे. आणि रात्री मालकंसाच्या वेळी ती सलाइन लावत असणार. ज्याला संगीत साधना म्हणून करायचंय त्याने घड्याळ हॉस्पिटलकडे गहाण टाकू नये. स्पष्ट बोलतो, राग नसावा.

ठेका
राग नसावा असं रागावर बोलणाऱ्याने म्हणावं! (दिवे घ्या.)

कोमल_गंधार, प्रहरांची जी चौकट आपण आज घोकतो ती पक्की मांडणारे संगीतशास्त्रकार भातखंडे (१८६०–१९३६) स्वतः वकिलीचं शिक्षण घेतलेले. कर्नाटक संगीतात तर वेळेचा एवढा धाकच नाही, म्हणून ते गाणं कमअस्सल झालं का? शिकताना राग कुठल्याही वेळी गावाच लागतो. क्लासात संध्याकाळी पाचला सकाळचा तोडी शिकलेले आपण सगळेच आहोत.

वसंतराव देशपांड्यांनी कित्येक वर्षं संरक्षण खात्याच्या हिशेबात नोकरी केली. त्यांच्या तानेत कुठे फायलीची धूळ दिसते का सांगा.

अवांतर : मी तबलजी आणि आयसीयूत टेक्निशियन. बऱ्याच मॉनिटरचा सगळ्यात वरच्या दर्जाचा अलार्म दहा टोल्यांचा असतो आणि ते टोले ३-२-३-२ असे पडतात. दहा मात्रांचा झपताल २-३-२-३. म्हणजे पेशंट गंभीर झाला की मशीन झपताल उलटा वाजवतं. मधल्या दर्जाचा अलार्म नुसते तीन टोले, तिहाईची (एकच तुकडा तीनदा वाजवून समेवर यायचं) सुरुवात करून सोडून दिल्यासारखा. वर्षानुवर्षं मी समेची, तालाच्या पहिल्या मात्रेची, वाट बघतोय.

उगाचच
सम आली तर डॉक्टर टाळ्या वाजवतात का?

ठेका
सीपीआरमध्ये (हृदय बंद पडल्यावर छाती दाबून श्वास देतात तो) आमचाच भाव असतो. मिनिटाला १०० ते १२० दाब, अगदी सरळ मध्यलय. आणि तीस दाब, दोन श्वास, बेरीज बत्तीस : सोळा मात्रांच्या तीनतालाची दोन आवर्तनं!

वॉर्डबाई
श्वास देताना एकेक सेकंद जातो, तुमची मात्रा अर्ध्या सेकंदाची. समेवर पोचेपर्यंत पेशंट ताटकळेल. मनात मोजा, मांडीवर ठेका धरू नका.

चाफा
गिटारवाल्यांसाठी आणि त्यांच्या दुःखासाठी एक जागा हवीच होती. क्लासिकल गिटारला उजव्या हाताची नखं वाढवावी लागतात. पेशंटला हात लावणाऱ्यांनी नखं कापलेली ठेवावीत, अर्ध्या सेंटिमीटरपेक्षा लांब नकोत, नकली नखं तर नकोतच, असं जागतिक आरोग्य संघटनाही सांगते. रुजू झाले त्या दिवशी नेलकटर घेऊन बाथरूममध्ये उभी होते आणि अंगठ्याच्या नखाला हात लावताना रडले. हसू नका.

आता बोटांच्या टोकांनी वाजवते. आवाज मऊ येतो, मला तो आवडायलाही लागलाय. डाव्या हाताचे घट्टे मात्र सारखं हात धुऊन आणि सॅनिटायझर लावून फुगतात, सालं निघतात. ड्यूटी संपल्यावर साधं मलम, आणि वाजवणं हात कोरडे झाल्यावर तासाभराने. सतारवाल्यांची मिजराब (बोटात घालायची तारेची नखी) असते, ते सुटले. सरोदवाले डाव्या हाताच्या नखाने तार दाबतात, पण बोटाच्या टोकाने वाजवणारेही आहेत. मंद्रसप्तक, तुमचा गळा आहे. गळ्याला नेलकटर लागत नाही, यातच समाधान माना.

स्वरयंत्र
गळ्याला नेलकटर लागत नाही, पण कुजबुज लागते! मी वाचा-उपचार करते, माझ्याकडे शिक्षकांच्या खालोखाल नर्सेस येतात. दिवसा मास्कमधून ओरडून बोलायचं, रात्री पेशंट उठू नयेत म्हणून घसा आवळून कुजबुजायचं. जोर लावून केलेली कुजबुज गळ्याला आराम देत नाही, उलट ताणते. हळू पण आवाजी बोला, आणि शक्य तिथे पेशंटच्या जवळ जाऊन बोला.

मास्कमुळे पाणी प्यायचं राहून जातं, ते राहू देऊ नका. बारा तास बोलून आल्यावर लगेच तार सप्तकात जाऊ नका. पंधरा मिनिटं ओठ मिटून गुणगुणणं, मग खर्ज. आवाज दोन आठवड्यांपेक्षा जास्त बसलेला राहिला तर दाखवा, गरम पाण्यावर भागवू नका.

सडेतोड
मला हा सगळा प्रकारच पटलेला नाही. आयसीयू आहे, हौस मंडळ नाही. अर्धवट झोपलेली, डोक्यात तान घोळवणारी सिस्टर माझ्या वडिलांच्या उशाशी नको. दोन डगरींवर पाय ठेवून दोन्हीकडे अर्धवट काम होतं. आधी एक ठरवा.

अबोली
लहान मुलं असलेल्या सिस्टर काय पूर्ण झोपून येतात का? त्यांना विचारता का एक ठरवा म्हणून?

वॉर्डबाई
सडेतोड, तुमची काळजी खोटी नाही. पहाटे चारच्या सुमाराला शरीराचं तापमान तळाला असतं, डोळे उघडे असून वाचलेलं डोक्यात जात नाही. जास्तीत जास्त जपायची वेळ तीच. धोक्याच्या औषधांचा डोस दुसऱ्या सिस्टरकडून तपासून घ्यायचा तो त्याचसाठी. पण अकरा वर्षांत मी ज्यांना चुका करताना पकडलं त्या गाणाऱ्या नव्हत्या, डबल ड्यूटी लादलेल्या होत्या.

म्हणून मंद्रसप्तक, गाण्याचं लपवू नकोस, पण पहिल्या दिवशी सांगूही नकोस. आधी तुझा हात बघू देत. तीन महिन्यांनी सांगितलंस तर "आमची सिस्टर गाते" होतं, पहिल्या दिवशी सांगितलंस तर "ती गाणारी" होतं.

बोरू
या धाग्यावर अल्बर्टा हंटरचं नाव अजून कसं आलं नाही? १८९५ साली जन्मलेली अमेरिकन ब्लूज गायिका. नाव, रेकॉर्ड, परदेश दौरे सगळं झालं. आई गेल्यावर गाणं थांबवलं आणि साठीच्या आसपास, वय कमी सांगून, नर्सिंग शिकली. न्यूयॉर्कच्या एका हॉस्पिटलात वीसेक वर्षं काम केलं. १९७७ मध्ये हॉस्पिटलने तिला वयोमर्यादेमुळे निवृत्त केलं. त्यांच्या हिशेबाने ती सत्तरची होती, खरी बयाऐंशीची! मग बाई परत गायला उभ्या राहिल्या आणि १९८४ मध्ये जाईपर्यंत गात होत्या.

म्हणजे मंद्रसप्तक, तुम्हाला अजून बराच वेळ आहे.

चाफा
@बोरू, भारी. अमेरिकन कंट्री गायिका नेओमी जडही नर्स होती. तिच्या हॉस्पिटलात एका रेकॉर्ड निर्मात्याची मुलगी अपघातानंतर दाखल झाली होती, तिने त्या वडिलांना आपली आणि मुलीची टेप दिली. १९८३ मध्ये मायलेकींना करार मिळाला.

वॉर्डबाई
गोष्ट गोड आहे, पण आमच्या मुलींनी तिचं अनुकरण करू नये. पेशंट तुमच्या हातात असताना त्याच्या माणसांना आपल्या कामासाठी काही मागणं बरोबर नाही. त्यांना "नाही" म्हणता येत नाही, ही मेख आहे. डिस्चार्जनंतर ते आपणहून भेटले तर गोष्ट वेगळी.

बोरू
मान्य. आणि आता वॉर्डात गाण्याचा विषय निघतोच आहे तर : फ्लोरेन्स नाइटिंगेलने १८५९ च्या पुस्तकात गोंगाटावर लिहिताना संगीताचाही विचार केलाय. मानवी आवाज, फुंकून वाजवायची वाद्यं आणि सलग नाद देणारी तंतुवाद्यं आजाऱ्याला सहसा बरी, पियानोसारखी तुटक नादाची उलट त्रासाची, असं तिचं निरीक्षण.

ठेका
तबल्याचं काय म्हणाली?

बोरू
तबला तिने ऐकला नसावा. तुमचं नशीब.

तिसरी_घंटा
मूळ प्रश्न जागेचा होता, त्याला कुणी हात घातला नाही. मी हॉस्टेलात चार वर्षं सतार वाजवली. आधी गच्ची : पाण्याच्या टाकीचा पंप मधूनच सुरू व्हायचा आणि त्याचा सूर माझ्या षड्जाच्या जेमतेम खाली. मग जिना : तिथे घुमून घुमून चुकाही सुरेल वाटतात, फसवणूक नुसती. शेवटी सापडली हॉस्टेलची ट्रंका आणि जुन्या गाद्या ठेवायची खोली. गाद्या आवाज पिऊन टाकतात. तिथे पहिल्यांदा वाजवलं तेव्हा वाटलं माझी सतार मेली. एकेक मींड (एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं) उघडी पडली. महिनाभर अपमान गिळला, पण हात तिथेच सुधारला. वॉर्डनला सांगून किल्ली घ्या, चोरून नको. आणि वॉर्डाच्या धुतलेल्या चादरींच्या खोलीत चुकूनही नको.

तंबोरा नेऊ नका. भोपळा एका ट्रंकेखाली आला की संपला. सुरुवातीला फोनवरचा तंबोरा आणि हेडफोन पुरे.

कोमल_गंधार
फोनवरचा तंबोरा! देवा रे.

निशाचर
खोलीत दोघी झोपल्यात, देव तरी काय करणार.

अबोली
धागाकर्ती कुठे आहे? वाचतेय का?

मंद्रसप्तक
वाचत होते, पाच महिने लिहायला तोंड नव्हतं. आज नाइट ऑफ आहे म्हणून बसले.

कायमची नाइट घेतली नाही. निशाचरदादांचा प्रतिसाद तीनदा वाचला. फिरती घेतली, वॉर्डबाईंनी सांगितलेली वही केली. पहिल्या दोन महिन्यांत माझ्या बाजूने अकरा ड्यूट्या दिल्या, मागितली एक. आता इव्हिनिंगच्या आठवड्यात मंगळवारची कुणीतरी करतंच. शुक्रवार अजून बुडतो.

नाइटच्या आठवड्याचं बाईंना घाबरत सांगितलं. मला वाटलं म्हणतील, मग नको येऊस. त्या म्हणाल्या, "त्या आठवड्यात गायचं नाही. येऊन तंबोऱ्यावर बस आणि दुसऱ्यांना शिकवते ते ऐक." पहिल्या वेळी तंबोरा छेडता छेडता मान खाली गेली, जवारीतून (तारा टेकतात त्या घोडीवरून) आवाज येत होता आणि मी झोपले होते. बोटं चालू होती म्हणे! बाई काही बोलल्या नाहीत, फक्त शेजारच्या मुलीला म्हणाल्या, "लय सोडली नाही तिने." ते ऐकलं नाही, नंतर कळलं.

सडेतोड, तुमच्यासाठी एक. मागच्या आठवड्यात पहाटे साडेतीनला मी पाठमोरी औषध भरत होते. ऑक्सिमीटरची टिक प्रत्येक ठोक्याला वाजते, आणि सॅच्युरेशन (रक्तातलं ऑक्सिजनचं प्रमाण) उतरलं की तिचा सूरही उतरतो. अलार्म वाजला नव्हता. पण मला एकदम वाटलं, तंबोरा उतरलाय. वळून पाहिलं तर ९७ चे ९३ झालेले, नळीत कफ अडकलेला. सक्शन केलं. सूर एकेक पायरी चढत परत जागेवर आला. पेशंटच्या मुलाला यातलं काही कळलं नाही, तो खुर्चीत झोपला होता.

गाद्यांची खोली आमच्याही हॉस्टेलात आहे. किल्ली वॉर्डनकडे, वॉर्डनची मुलगी दहावीत. तिला परीक्षेनंतर पेटी शिकवायची, या बोलीवर मिळालीय.

सडेतोड
वाचलं. ९३ ला अलार्म का वाजला नाही, मर्यादा किती लावली होती?

मंद्रसप्तक
९०. त्या पेशंटसाठी डॉक्टरांनीच ठरवलेली.

सडेतोड
ठीक. कान शाबूत ठेवा.

ठेका
पेटी शिकवताना तबलजी लागला तर कळवा. झपताल सरळ वाजवीन.